‘वन पीस’ कानांनी बघताना

इंटरनेटवर नुसतं ‘वन पीस साँग’ असं शोधून बघा. कुणी गिटारवर वाजवलेलं, कुणी तासभर तेच तेच फिरवलेलं, कुणी संथ करून मागे पावसाचा आवाज घातलेलं, असलं सगळं आधी समोर येतं. मूळ गाणं त्या गर्दीत कुठेतरी खाली. 20 ऑक्टोबर 1999 ला जपानच्या फुजी टीव्हीवर सुरू झालेल्या, समुद्री चाच्यांच्या टोळीवरच्या या अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकेने हजार भाग कधीच ओलांडले. सुरुवातीची गाणीच पंचविसाच्या वर गेली आहेत. त्यात शेवटची गाणी, मधली गाणी, पात्रांची गाणी, चित्रपटांची गाणी आणि पार्श्वसंगीत आलं, की नवखा माणूस दारातच अडखळतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाण्यांची तयार यादी लावून बसू नका, गाणं ज्या भागांत वाजलं त्या भागांच्या बोटाला धरून चाला. आणि गाण्यांवर थांबू नका. गाणी काही महिन्यांनी, फार तर वर्षा-दीड वर्षाने बदलतात, पार्श्वसंगीत मात्र पहिल्या दिवसापासून सोबत आहे.

पायरी 1: पाच शब्द शिकून घ्या

मराठी मालिकांमुळे ‘शीर्षकगीत’ आपल्याला ठाऊक असतं. जपानीत त्याला ‘शुदाइका’ म्हणतात. त्यात दोन प्रकार: सुरुवातीचं ते ओपनिंग, चाहत्यांच्या बोलीत ‘ओपी’, आणि शेवटचं ते एंडिंग, म्हणजे ‘ईडी’. भागाच्या मध्येच, एखाद्या प्रसंगावर वाजणारं गाणं म्हणजे ‘सोन्यूका’. पार्श्वसंगीताला तिथले व्यावसायिक ‘गेकिबान’ म्हणतात आणि त्याची सीडी निघाली की ती ‘सान्तोरा’, म्हणजे साउंडट्रॅक या शब्दाचं जपानी कातरकाम. पात्राला आवाज देणाऱ्या कलाकाराने त्या पात्राच्याच आवाजात गायलेलं गाणं हे कॅरॅक्टर साँग.

हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा. मी सुरुवातीला हौसेने एक जुनी सीडी मागवली, मुखपृष्ठावर सगळी टोळी झळकत होती, म्हणून पार्श्वसंगीत असेल अशी खात्री होती. निघाली नऊच्या नऊ कॅरॅक्टर साँग्ज. वाईट नव्हती, पण मला हवी होती ती लढाईची धून, आणि ऐकावा लागला टोळीतल्या आचाऱ्याचा, सान्जीचा प्रेमालाप.

पायरी 2: पहिल्या दिवशी फक्त दोन गाणी

पहिलं ‘वी आर!’. गायक हिरोशी कितादानी, शब्द शोको फुजिबायाशी यांचे, संगीत कोहेइ तानाका यांचं. भाग 1 ते 47 पर्यंत हेच वाजतं. दुसरं, त्याच काळातलं पहिलं समाप्तीगीत, माकी ओत्सुकी यांचं ‘मेमरीज’. एक छाती फुगवून समुद्रात उडी मारायला लावतं, दुसरं दिवस मावळताना किनाऱ्यावर बसवतं. आपल्या संगीत नाटकात नांदीने पडदा उघडतो आणि भैरवीने मैफल संपते, जवळजवळ तसंच.

ऐकताना क्रम असा ठेवा. आधी भागातच ऐका, गाळू नका. टीव्हीवरचं गाणं साधारण 90 सेकंदांचं असतं, त्याला ‘टीव्ही साइज’ म्हणतात. चार-पाच भाग झाल्यावर मग पूर्ण गाणं शोधा. टीव्हीवर कधीच न आलेलं दुसरं कडवं आणि मधला वाद्यांचा तुकडा तेव्हा पहिल्यांदा कानावर पडतो, आणि ओळखीच्या घरात एक बंद खोली उघडावी तसं होतं. उलट क्रमाने गेलात तर ही गंमत हुकते.

श्रेयनामावलीतले तीन शब्दही इथेच ओळखीचे करून घ्या: ‘साकुशि’ म्हणजे गीत, ‘साक्क्योकु’ म्हणजे संगीत, ‘हेन्क्योकु’ म्हणजे संयोजन. पुढे फार उपयोगी पडतात. हेच तानाका आणि फुजिबायाशी ‘जोजो’ या दुसऱ्या गाजलेल्या मालिकेच्या पहिल्या ओपनिंगमागेही आहेत. तिथेही तोच बेंबीच्या देठापासूनचा जोश आहे.

पायरी 3: भागांच्या आकड्यांवर गाणी बसवा

एक वही घ्या किंवा फोनमध्ये टिपण करा. सुरुवातीला एवढं पुरे:

‘वी आर!’ – भाग 1 ते 47
‘बिलीव्ह’, फोल्डर 5 – भाग 48 ते 115
‘हिकारी ए’, द बेबीस्टार्स – भाग 116 ते 168
‘बॉन व्हॉयाज!’, बॉन-बॉन ब्लांको – भाग 169 ते 206
‘कोकोरो नो चिझु’, बॉयस्टाइल – भाग 207 ते 263
‘ब्रँड न्यू वर्ल्ड’, डी-51 – भाग 264 ते 278

पुढचं तुम्ही भरत जा. एकदम सगळी यादी उतरवून घेऊ नका, त्यामागे कारण आहे. या मालिकेची ओपनिंग चुगलखोर आहेत. टोळीत नवा कोण आला, जहाज कोणतं, पुढचा शत्रू कसा दिसतो, सगळं गाण्याच्या चित्रांत आधीच दाखवून मोकळी होतात. तेव्हा नियम साधा: तुम्ही ज्या भागावर आहात त्याच्या पुढच्या ओपनिंगची चित्रफीत बघायची नाही. नुसता आवाज ऐकायला हरकत नाही. फोन पालथा ठेवा म्हणजे झालं.

या सहांपैकी माझा जीव ‘हिकारी ए’वर आहे. ‘प्रकाशाकडे’ असा अर्थ. वाळवंटातल्या मोठ्या कथानकावर ते येतं आणि धावत सुटल्यासारखं गायलं जातं. फोल्डर 5 हा ओकिनावाचा गट, त्यातली हिकारी मित्सुशिमा पुढे जपानची नावाजलेली अभिनेत्री झाली. आणि बॉयस्टाइल हे नाव वाचून फसू नका, तो मुलींचा गट होता.

पायरी 4: गाणी का बदलतात ते कळू द्या

‘मस्त चाललेलं गाणं काढून टाकलं’ ही तक्रार प्रत्येक नवा प्रेक्षक करतो. मीही केली. पण ही गाणी केवळ मालिकेच्या गरजेपोटी येत नाहीत. जपानमध्ये ‘टाय-अप’ची पद्धत मुरलेली आहे: ध्वनिमुद्रण कंपनीला आपला गायक घराघरांत पोचवायचा असतो, वाहिनीला ताजं गाणं हवं असतं. गाणं टीव्हीवर सुरू होतं आणि त्याच सुमारास त्याचं सिंगल, म्हणजे त्या गाण्याची सुटी सीडी, बाजारात येतं. काही महिन्यांनी पुढच्याची पाळी. म्हणून तर या यादीत पॉप गट आहेत, रॉक बँड आहेत, नामिए आमुरोसारखी मोठी तारकाही आहे. तिने 493व्या भागापासूनचं ‘फाइट टुगेदर’ गायलं आणि 2018 मध्ये निवृत्त होण्याआधी ‘होप’ हे आणखी एक.

आता मजा बघा. या येण्या-जाण्यात ‘वी आर!’ मात्र परत परत येतं. सातवं ओपनिंग म्हणून टोळीच्या आवाज-कलाकारांनी ते गायलं, दहावं म्हणून तोहोशिंकी या कोरियन गटाने. 21 नोव्हेंबर 2021 ला हजारावा भाग दाखवला तेव्हा ते मूळ रूपात, नव्याने रेखाटलेल्या चित्रांसह आलं. आणि कितादानींना बोलावणं आलं की कान टवकारायचे: कथानक मोठं वळण घेऊन नव्याने सुरू होतं तिथे, म्हणजे 517व्या भागात, त्यांच्याच आवाजात ‘वी गो!’ आहे. संगीत पुन्हा तानाकांचं. पुढे ‘ओव्हर द टॉप’ही याच जोडीचं. घरचा माणूस सणासुदीला येतो, तसे कितादानी येतात.

एक तांत्रिक गोष्ट माहीत असू द्या, नाहीतर उगाच शोधत बसाल. 2006 मध्ये, अठरा समाप्तीगीतं झाल्यावर, एंडिंग बंद करून टाकलं आणि पुढे ओपनिंगच लांबवून अडीच मिनिटांच्या घरात नेलं. जवळपास 17 वर्षं मालिकेला शेवटचं गाणंच नव्हतं. जानेवारी 2024 मध्ये, 1089व्या भागापासून, चिली बीन्सच्या ‘रेझ’ने ते परत आलं. त्याच वर्षी माकी ओत्सुकीही ‘डिअर सनराइज’ घेऊन परतल्या. ज्यांनी लहानपणी ‘मेमरीज’ ऐकलं होतं त्यांचं त्या दिवशी काय झालं असेल, याची कल्पना मला जरा उशिरा आली. आधी ‘मेमरीज’च्या सावकाश प्रेमात पडा, मग तिथवर पोचा.

पायरी 5: आता गाणी बाजूला ठेवा

पार्श्वसंगीताचे दोन खांब: कोहेइ तानाका आणि शिरो हामागुची. हामागुची हे वाद्यवृंद-संयोजनातलं मोठं नाव. ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेमच्या आठव्या भागाचं वाद्यवृंदीय काम त्यांचंच. म्हणूनच ‘वन पीस’मध्ये जहाज बंदर सोडतं तेव्हा खरेखुरे ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि तंतुवाद्यांचे थवे उठतात.

हे संगीत बनतं कसं ते कळलं की पुढचा गोंधळ निम्मा संपतो. चित्रपटात संगीतकार चित्र समोर ठेवून सेकंदाच्या हिशेबाने संगीत लिहितो. टीव्ही अ‍ॅनिमेत सहसा तसं होत नाही. तिथे आधी मागणीपत्रक तयार होतं: एक धून ताणाची, एक विनोदाची, एक निरोपाची, एक विजयाची. संगीतकार तशा कित्येक धुना एकदम ध्वनिमुद्रित करून ठेवतात. या पद्धतीला ‘तामेदोरी’ म्हणतात, साठवून ठेवण्याचं ध्वनिमुद्रण. वर्षाची डाळ-तांदूळ भरून ठेवतात तसं कोठार भरतं आणि दर आठवड्याला संगीत निवडणारा माणूस त्यातून प्रसंगाला साजेशी धून काढतो. प्रत्येक धुनेला ‘एम’ अक्षर आणि क्रमांक असतो.

म्हणून एकच धून तुम्हाला तिसाव्या भागात भेटते, तीनशेव्यात भेटते आणि आठशेव्यातही. दरम्यान तुम्ही त्या धुनेवर कितीतरी प्रसंग बघितलेले असतात, ते सगळे एकदम उसळून येतात. गळा दाटतो तो नुसत्या सुरांमुळे नाही, त्या साठलेल्या आठवणींमुळे. हजार भागांच्या मालिकेलाच हे जमतं, बारा भागांच्या मालिकेला कुठून जमणार?

सर्वांत चांगलं उदाहरण ‘गोल्ड अँड ओदेन’ या नावाने ओळखली जाणारी धून. ओदेन म्हणजे जपानी रस्त्यावर मिळणारा, रश्शात शिजवलेला पदार्थ. सोनं आणि हे खाणं यांचा संबंध काय, असा प्रश्न मालिका बघताना पडतो. उत्तर मालिकेत नाही. ही धून 2000 साली आलेल्या पहिल्या ‘वन पीस’ चित्रपटातली. त्यात ऊनान नावाचा सोनेवेडा समुद्री चाचा आहे आणि त्याचा बालमित्र ओदेनची गाडी चालवतो. चित्रपट जेमतेम तासाभराचा, पण त्याचं संगीत टीव्हीच्या कोठारात जाऊन पडलं आणि त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रसंगांना रडवू लागलं. तेव्हा एखादी आवडती धून टीव्हीच्या अल्बममध्ये सापडली नाही, तर आधी जुन्या चित्रपटांचे अल्बम चाळा.

धून शोधायची माझी पद्धत अशी. भाग क्रमांक आणि मिनिट-सेकंद टिपायचं. मुख्य वाद्य कोणतं ते लिहायचं: पियानो, बासरी, ब्रास, तालवाद्य. मनःस्थिती एका शब्दात. मग संगीतकारांच्या नावाने अल्बम उघडून त्या मनःस्थितीच्या शीर्षकांपासून ऐकत जायचं. गाणं ओळखणारी अ‍ॅप इथे फारशी कामी येत नाहीत, कारण धुनेवर संवाद, तलवारी आणि नायक लुफीचा आरडाओरडा चढलेला असतो. आणखी एक डोकेदुखी म्हणजे नावं. एकाच धुनेचं जपानी शीर्षक एक, इंग्रजी दुसरं, चाहत्यांनी ठेवलेलं तिसरं. ‘ओव्हरटेकन’ ही धून मात्र या नावाने कुणालाही विचारा, सापडेल. लुफी बाह्या सरसावतो तेव्हा वाजणारी तीच. पहिली धून शोधायची तर हीच घ्या, सोपी आहे आणि बक्षीस मोठं आहे.

पायरी 6: चित्रपट, आणि दोन वेगळ्या टोपल्या

ऑगस्ट 2022 मधला ‘वन पीस फिल्म रेड’ हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा. यातली उता ही पात्रच गायिका आहे (उता या जपानी शब्दाचा अर्थच गाणं). ती बोलते काओरी नाझुका यांच्या आवाजात आणि गाते आदो यांच्या आवाजात. सात गाणी, सात वेगवेगळ्या संगीतकारांची किंवा गटांची: ‘न्यू जेनेसिस’ यासुताका नाकाता यांचं, ‘बॅकलाइट’ व्हौंडीचं, ‘तोत म्युझिका’ हिरोयुकी सावानो यांचं. ‘न्यू जेनेसिस’ अ‍ॅपल म्युझिकच्या जागतिक टॉप 100 यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, जपानी गाण्याने ते पहिल्यांदाच केलं.

गाणी हवी असतील तर ती आदोच्या ‘उता नो उता’ या अल्बममध्ये. चित्रपटाचं पार्श्वसंगीत, जे पुन्हा नाकातांचंच, ते वेगळ्या साउंडट्रॅक अल्बममध्ये. एकात शोधून मिळालं नाही म्हणून हात टेकू नका, दुसरी टोपली बघा.

तसंच, 2023 ची नेटफ्लिक्सवरची, खऱ्या माणसांनी अभिनय केलेली मालिका हे वेगळंच घर आहे. तिचं संगीत सोन्या बेलोउसोव्हा आणि जिओना ओस्टिनेली यांचं. आणि कुणी तुम्हाला 2004 च्या अमेरिकन डबिंगमधलं रॅप ओपनिंग ऐकवलं, तर हसून घ्या. तिथे मूळ गाणं आणि पार्श्वसंगीत दोन्ही बदलून टाकलेलं होतं.

पायरी 7: ऐकायचं कुठे, विकत काय घ्यायचं

स्ट्रीमिंगवर सुरुवात करा, पण विसंबून राहू नका. हक्क देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे काही गाणी भारतातून राखाडी दिसतात आणि वाजत नाहीत. हक्कांचं पुढे काय होईल तेही सांगता येत नाही: नामिए आमुरोची गाणी 2023 च्या अखेरीस स्ट्रीमिंगवरून एकाएकी नाहीशी झाली. शोधताना इंग्रजी नावाने नाही सापडलं तर गायकाचं नाव जपानी लिपीत चिकटवून बघा, निम्म्या वेळा काम होतं. गायकाच्या नावाशी अधिकृत खातं जुळतंय का तेही पाहा, कारण नकला फार.

सीडी घ्यायची असेल तर ‘शोकाइ गेन्तेइ’ म्हणजे पहिल्या खेपेची मर्यादित आवृत्ती, तिच्यात डीव्हीडी किंवा चित्रं असतात आणि ती महाग असते. ‘त्सूजो’ ही साधी. गाणं ऐकायचं असेल तर साधीच घ्या. प्रत्येक सीडीच्या पाठीवर एक क्रमांक असतो, ‘हिन्बान’. शोध घेताना नावापेक्षा तो क्रमांक टाका, चुकीची वस्तू घरी यायची नाही. ही अक्कल मला त्या कॅरॅक्टर साँगच्या सीडीनंतर आली.

जपानमध्ये बुक ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत या सीडी स्वस्तात मिळतात. आपल्या पुण्यात जपानी शिकलेली आणि पुढे तिकडे नोकरीला गेलेली मुलं-मुली बरीच आहेत. ओळखीत कुणी असेल तर सुट्टीत येताना दोन सीडी आणायला सांगा, टपाल आणि सीमाशुल्क दोन्ही वाचतं. डबीभोवती कागदाची पट्टी असते, तिला ‘ओबी’ म्हणतात. संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. ऐकणाऱ्याला ती नसली तरी चालतं, किंमतही पडते.

पायरी 8: गायला लागा, मराठी माणसाला सोपं जातं

जपानी गाणं रोमन लिपीतून पाठ करू नका. देवनागरीत उतरवून घ्या. मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याला तर इथे आयती सवलत आहे. जपानीत ‘त्सु’ आणि ‘चि’ हे एकाच ओळीतले वर्ण, आणि नवशिके तिथेच अडखळतात. आपण ‘चूक’ म्हणतो तेव्हा जो च येतो तो जवळजवळ त्सु, आणि ‘चिंच’ म्हणतो त्यातला पहिला च म्हणजे त्यांचा चि. आपली जीभ न सांगता अदलाबदल करते. ‘जीव’ आणि ‘जावई’मधल्या दोन ज-चंही तेच. ‘काझे’ (वारा) म्हणताना जावयाच्या ज-कडे झुका. दीर्घ स्वर मोजून ओढा, त्यासाठी अवग्रह वापरा: ‘कोऽहेइ’. ‘साक्क्योकु’सारखं जोडाक्षर आलं की ‘पक्का’ म्हणताना थांबतो तेवढं थांबा. आणि ल जवळपास सगळीकडे र करा. लुफीसुद्धा तिकडे रुफीच आहे.

पहिलं गाणं ‘वी आर!’ नको, त्यात श्वास पुरत नाही. ‘बिंक्स नो साके’ घ्या. थ्रिलर बार्क कथानकापर्यंत पोचाल तेव्हा ते तुम्हाला मिळेल. चाल तानाकांची आणि शब्द खुद्द मूळ चित्रकथेचे लेखक एइइचिरो ओदा यांचे. ‘उता नो उता’मध्येही ते शेवटी आहे. खलाशांनी एकत्र म्हणायचं गाणं, त्यामुळे बेसूर खपतं. शब्द पाठ होईपर्यंत कोरसातलं ‘योहोहोहो’ तेवढं धरा, बाकीचं टोळी सांभाळते.